तात्यारावांचा सांडवा

माधवराव आगाशे यांनी तात्याराव ओव्हाळांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तात्याराव ढगात होते.

हे अलंकारिक बोलणं नव्हे. ऐन सकाळी विश्रांतवाडीच्या चौकात, डांबरापासून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत, एक पांढराशुभ्र ढग उभा होता. सिग्नलला थांबलेले दुचाकीवाले डिकीतून रेनकोट काढत होते. हारवाल्याने फुलांवर पाणी मारायचं थांबवलं होतं, कारण ते आपोआपच होत होतं. लोहगावला उतरू पाहणाऱ्या एका विमानाने तो ढग बघून आळंदीला आणखी एक प्रदक्षिणा घातली, असं तर माधवराव आजही शपथेवर सांगतात. माधवरावांची सारी नोकरी विमा कचेरीत गेली. अपघाताचं वर्णन फुगवून सांगणाऱ्यांना त्यांनी जन्मभर परत पाठवलं. तेव्हा ते सांगतात त्यात तथ्य असणारच.

ढगातून आधी एक खाकी टोपी बाहेर आली, मग वाफेने आंधळा झालेला चष्मा, मग भिजून खाली आलेली मिशी आणि शेवटी हे सगळं सांभाळणारा एक काटकुळा माणूस.

"पाणी आहे का हो?" त्या माणसाने विचारलं.

माधवराव नुकतेच धानोरीला मुलाकडे राहायला आले होते. शनिवार पेठेतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली होती, आणि नदीच्या या बाजूला पिण्याजोगं पाणी मिळतं की नाही याची खात्री नसल्याने ते बाटलीशिवाय घराबाहेर पडत नसत.

"उकळून गार केलेलं आहे," ते बाटली छातीशी धरून म्हणाले.

"मग उत्तमच. आमचंही उकळलेलंच आहे. फक्त गार करायचं राहिलंय."

तोडीस तोड बोलणारा माणूस नदीपलीकडे भेटेल अशी माधवरावांची अपेक्षाच नव्हती. त्यांनी बाटली तर दिलीच, वर ढगामागच्या जीपला धक्काही मारला. धक्का मारत तात्यारावांच्या घरी पोचेपर्यंत ते 'पुणे जीपगाडी मित्रमंडळा'चे आजीव सभासद झाले होते आणि चहा येईपर्यंत सरचिटणीस.

तात्याराव पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते. सर्वेक्षक म्हणजे धरण बांधायच्या आधी डोंगर चढणारा आणि धरणाच्या उद्घाटनाच्या फोटोत नसणारा माणूस. ही जीप त्याच खात्याची. पुढे डाव्या सीटवर साहेब बसायचे. मागे दुर्बिणीची पेटी, तंबूच्या काठ्या, साहेबांचा डबा आणि या सगळ्यांमधून उरलेल्या जागेत, गुडघे हनुवटीला लावून, तात्याराव. साहेब बदलले, ड्रायव्हर बदलले. तात्याराव, गुडघे आणि हनुवटी तशीच राहिली. पुढे निवृत्तीनंतर खात्याने जीप लिलावात काढली आणि तात्यारावांनी ती घेतली.

"घरात माणूस निवृत्त झाल्यावर आंब्याचं झाड लावतो," त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई माधवरावांना म्हणाल्या होत्या, "यांनी त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेली गाडी आणली."

"अगं, मला एकदा पुढे बसून बघायचं होतं," तात्याराव म्हणाले. "आणि साहेबांच्या सीटवर तुला बसवायचं होतं."

यावर सत्यशीलाबाई काही बोलल्या नाहीत. त्या महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि त्या काही बोलल्या नाहीत की पूर्वी अख्खी शाळा चूप व्हायची. पण त्यांनी पदर सारखा केला, एवढं माधवरावांनी पाहिलं.

अडचण अशी होती की साहेबांच्या सीटवर बसून बाईंनी आजवर फक्त वाफ पाहिली होती. सिंहगड बघायला निघाले, गोळेवाडीला वाफ. दिवे घाट बघायला निघाले, पायथ्याशी वाफ. एकदा नुसती गाडी धुऊन वाळत ठेवायची म्हणून खडकवासल्याला नेली, तर चौपाटीवर कणीसवाल्याने शेजारची जागा दिली, त्याला वाटलं यांनी उकडलेल्या शेंगांची गाडी टाकली.

मंडळाचं म्हणाल तर मंडळाकडे जीप एकच होती. पण पुण्यात चार माणसं एका बाकावर बसली की पाचव्याला जागा देण्याआधी कार्यकारिणी निवडतात. तात्याराव संस्थापक अध्यक्ष. माधवराव सरचिटणीस झाले ते सगळ्यांच्या शेवटी. पिठाच्या गिरणीचे बापूराव रुसले म्हणून त्यांच्यासाठी स्वागताध्यक्ष हे पद काढलं. कोणाचं स्वागत, हे कोणी विचारलं नाही. मग बापूरावांचे व्याही सल्लागार झाले, समोरचे निवृत्त तलाठी मार्गदर्शक झाले, आणि मार्गदर्शक होता न आल्याने चिडलेले औषध दुकानदार प्रमुख मार्गदर्शक झाले. या सगळ्यांची नावं जीपच्या तोंडावर लावलेल्या पत्र्याच्या बोर्डवर होती. सुरुवातीला ती एक पट्टी होती, मंडळाच्या नावापुरती. दर वार्षिक सभेत नवं पद निघे आणि पट्टीला खालून पत्र्याचा तुकडा जोडला जाई. हल्ली बोर्ड पार बंपरपर्यंत आला होता. त्याच्या दोन बाजूंनी दोन दिवे तेवढे बाहेर डोकवत, दाराआडून पाहुणे बघणाऱ्या मुलींसारखे. मंडळ भरभराटीला आलं होतं. जीप मात्र वर्षागणिक लवकर तापू लागली होती.

"वय झालं तिचं," प्रमुख मार्गदर्शक म्हणायचे. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांना हेच निदान होतं.

तात्यारावांना ते पटेना. त्यांनी एका रविवारी सगळ्यांना बोलावलं आणि बॉनेटवर खडूने आडव्या रेघा मारायला सुरुवात केली.

"हे धरण समजा," ते बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "खाली काय तुंबतं? गरम हवा. हवा तुंबली, दाब वाढला, धरण फुटलं. आपण चौकाचौकांत फुटतोय ते यामुळे. मग धरणाला काय लागतं?"

"मंत्री," माधवराव म्हणाले.

"सांडवा! जास्तीचं पाणी सोडून द्यायची वाट. धरणाला सांडवा नाही असं कधी ऐकलंय? आणि या गाडीच्या बॉनेटला एक भोक नाही. परदेशात डोंगरात जाणाऱ्या गाड्यांना असतात. मी मोबाइलवर पाहिलंय. आपण पाच दरवाजे काढू."

दुपारपर्यंत गल्लीत अशी काही किरकिर चालली होती की दंतवैद्याकडे निघालेला एक गृहस्थ वाटेतूनच परतला. तात्याराव ड्रिल चालवत, माधवराव वायर धरत आणि बापूराव स्वागत करत होते. जो थांबेल त्याला "या, या, बघा" म्हणून. भोकाला भोक जोडून पाच लांबट खिडक्या निघाल्या. आता प्रश्न होता झाकणांचा. नुसत्या खिडक्या ठेवल्या तर पावसाचं पाणी थेट इंजिनवर पडणार. वर मागे तोंड केलेल्या टोप्या हव्यात: हवा बाहेर जाईल, पाऊस आत येणार नाही. तात्याराव घरात गेले आणि चकचकीत स्टीलचे अर्धगोल घेऊन आले. ते त्यांनी रिव्हेट मारून बसवले.

बापूराव लांब जाऊन, मान तिरकी करून बघू लागले.

"तात्या, ही गाडी हाय का मासा हाय? कल्ल्यावानी दिसतंय."

"माशाला ताप येतो का कधी?" तात्याराव म्हणाले.

बापूराव रस्त्याकडे वळले. त्यांनी आणखी एका माणसाचं स्वागत केलं.

मग चाचणी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनातून उरलेल्या लाल रिबिनीचे तुकडे प्रत्येक दरवाज्याला चिकटवले. तात्यारावांनी इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने पहिली रिबीन हलली, मग दुसरी, आणि बघता बघता पाचही रिबिनी फडफडत उभ्या राहिल्या.

"विसर्ग सुरू!" तात्याराव ओरडले.

"किती क्युसेक?" माधवरावांनी विचारलं. "नाही, नदीकाठच्या लोकांना सतर्कतेचा इशारा द्यायला हवा."

त्याच वेळी सत्यशीलाबाई भाजी घेऊन फाटकातून आत आल्या. त्या बॉनेटजवळ थांबल्या. चष्मा लावला. वाकून एकेक टोपी वाचू लागल्या. हो, वाचूच लागल्या. कारण स्टीलवर अक्षरं कोरलेली होती. पहिल्या टोपीवर 'सौ. सत्यशी', दुसरीवर 'ला ओव्हाळ यांस', तिसरीवर 'पालक सं', चौथीवर 'घाकडून सप्रे' आणि पाचवीवर नुसतं 'म'.

रिबिनी फडफडत होत्या. बाकी कोणी हलत नव्हतं.

"अहो," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "माझी ताटं?"

"कोणती गं?"

"गाडीला जेवायला वाढलीत ती."

"मजकूर तीन ताटांत मिळून होता, ती तीनच घेतली. बाकीची अख्खी आहेत."

"भावजी," बाई माधवरावांकडे वळल्या, "तुम्ही पेठेतले. तुम्हाला तरी कळायला हवं होतं. निरोप समारंभाची ताटं आहेत ती."

"वहिनी, मी फक्त वायर धरली होती," माधवराव म्हणाले. विमा कचेरीत हे वाक्य त्यांनी असंख्य वेळा ऐकलं होतं आणि एकदाही मान्य केलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "ऐका. पुढच्या रविवारी आमच्या आम्रपालीचं लग्न आहे वेल्ह्याला. माझ्या भावाची एकुलती एक. लग्न आत्यानेच लावायचं म्हणून पोरीने हट्ट धरलाय. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, सगळं मी म्हणायचं. मी पोचले नाही तर लग्न लागणार नाही."

"जीपने जाऊ!" तात्याराव म्हणाले.

"मला वाटलंच. जाऊ. साहेबांच्या सीटवर बसून जाऊ. पण वाटेत एकदा जरी ही उकळली आणि मला उशीर झाला, तर सोमवारी ही दारात दिसता कामा नये. भंगारवाला तुम्ही बोलावायचा. मी बोलावला तर तो तुम्हालाही नेईल."

"आपल्यात मुहूर्त थोडाच असतो," तात्याराव हळूच पुटपुटले.

"मुहूर्त नसतो. वेळ असते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि भाजी घेऊन आत गेल्या.

त्या आठवड्यात तात्याराव जीपपाशी उठले आणि जीपपाशी झोपले. माधवरावांनी त्यांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दोघं फाटकात उभे होते तेव्हा तात्याराव एकदम म्हणाले, "माधवराव, सगळ्या नोकरीत मी त्या पुढच्या काचेतून रस्ता पाहिला नाही. मागून फक्त साहेबांची मान दिसायची. आता कुठे दिसायला लागलाय." माधवरावांना खोचक काही तरी सुचलं होतं. त्यांनी ते गिळलं. पेठेतल्या माणसाला हे फार जड जातं.

रविवारी उजाडताच चौघं निघाले. सत्यशीलाबाई पांढऱ्याशुभ्र साडीत साहेबांच्या सीटवर, तात्याराव चालवायला, मागे गुडघे हनुवटीला लावून माधवराव आणि बापूराव. मध्ये पाण्याचे दोन कॅन.

"नसरापूरवरून सरळ रस्ता आहे," सत्यशीलाबाईंनी वेशीवरच सांगितलं.

"सपाट रस्त्यावर सांडव्याची परीक्षा कशी होणार?" तात्याराव म्हणाले, आणि खडकवासल्याकडे वळले. पुढे खानापूरवरून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरायचं, असा त्यांचा बेत होता. लग्नाच्या दिवशी, लग्न लावणारी व्यक्ती गाडीत असताना, मुद्दाम घाटातला रस्ता धरणारा माणूस जगात दुसरा नसेल. आणि त्याच्या मागे मुकाट बसणारे आणखी दोन मिळाले हे त्याहून विशेष.

धरण मागे पडलं तोवर सगळं ठीक होतं. पाच दरवाज्यांतून निघालेली गरम हवा काचेवर आपटून थेट आत येत होती, एवढीच काय ती तक्रार.

"सांडव्याचं पाणी कुणाच्या तरी शेतात जाणारच," तात्याराव म्हणाले.

"मागं आमचं शेत हाय," बापूराव घाम पुसत म्हणाले.

खानापूर गेलं. घाट सुरू झाला. तापमानाचा काटा, जो इतका वेळ चुलीजवळच्या मांजरासारखा पडून होता, तो उठला, त्याने आळस दिला आणि चालू लागला. तात्यारावांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. सत्यशीलाबाई फक्त काट्याकडेच बघत होत्या. दुसऱ्या वळणावर रिबिनी ताठ झाल्या. तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून ओळखीचा आवाज आला, शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तसा. आणि मग पाचही दरवाज्यांतून, 'सौ. सत्यशी' पासून 'म' पर्यंत, एकाच वेळी पाच पांढरे फवारे निघाले.

एक मात्र मान्य करायला हवं, की विसर्ग अत्यंत समसमान होता.

गाडी थांबली. तात्याराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, वाफेतून न दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसले.

"गार व्हायला वेळ लागेल," अखेर ते म्हणाले.

"मला उतरू द्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आणि बसायला काही तरी द्या. ही साडी घालून मी दगडावर बसणार नाही."

गाडीत गोणपाट नव्हतं, सतरंजी नव्हती. कॅनवर बसवावं तर ते रिकामे करायचे होते. चौघांची नजर गाडीभर फिरून बोर्डवर थांबली. बापूरावांनी पाना काढला. कार्यकारिणी खाली उतरवण्यात आली, रस्त्याकडेच्या दगडावर पालथी घातली गेली आणि त्यावर सत्यशीलाबाई बसल्या. अध्यक्ष, सरचिटणीस, स्वागताध्यक्ष, सल्लागार आणि दोन्ही मार्गदर्शक यांच्यावर इतका भार मंडळाच्या इतिहासात प्रथमच पडला होता.

वाफ ओसरली. पाणी घातलं. बाईंनी घड्याळ बघितलं, तात्यारावांनी त्यांना ते बघताना बघितलं. बोर्ड पुन्हा लावत बसायला वेळ नव्हता. माधवरावांनी तो मागे मांडीवर घेतला, आणि गाडी निघाली.

पुढची चढण सगळ्यात वाईट होती. रस्ता असा उभा की बापूराव देवाचं नाव घेऊ लागले. माधवराव काट्याकडे मान लांब करून बघत होते. काटा उठला. अर्ध्यावर आला. आणि थांबला. पुढच्या वळणावर तर तो चक्क मागे सरकला.

"बघितलंत?" तात्याराव ओरडले. "सांडव्याने काम दाखवलं! दरवाजे जरा अडकले होते, ते वाफेने मोकळे झाले!"

मागे माधवरावांच्या तोंडावर वारा येत होता. गार नव्हता, पण मघासारखा भट्टीतलाही नव्हता. त्यांनी मांडीवरच्या बोर्डकडे बघितलं. तो दारापेक्षा थोडाच लहान होता. तो कुठे लावलेला होता याचा त्यांनी विचार केला. त्याच्यामागे जाळी होती, जाळीमागे रेडिएटर, आणि समोरून येणारा वारा आत जायची ती एकच वाट. दर वर्षी वार्षिक सभा. दर वर्षी नवं पद. दर वर्षी थोडी अधिक वाफ. सगळ्यात शेवटी जोडलेल्या पट्टीवर नाव होतं: माधवराव आगाशे, सरचिटणीस.

त्यांनी बापूरावांकडे बघितलं. बापूराव बोर्डकडेच बघत होते. दोघांची नजर भेटली, आणि दोघांनीही अतिशय मन लावून डोंगर बघायला सुरुवात केली.

घाटमाथा आला. समोर वेल्ह्याचं खोरं उघडलं, लांब तोरण्याची भिंत दिसली. तात्यारावांनी गाडी क्षणभर थांबवली. काचेवर वाफ नव्हती.

"दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग समोरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, वर्गाच्या खिडकीला फळा लावला तर वर्ग तापतो. चौथीतल्या पोरांनाही कळतं ते."

तात्यारावांनी हात स्टिअरिंगवरून काढले. त्यांनी मागे वळून बोर्ड बघितला, मग पुढे बॉनेटवरची पाच टोपडी बघितली. मग त्यांची मिशी हलू लागली आणि ते हसायला लागले, आणि सत्यशीलाबाईही हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. मागे माधवराव आणि बापूराव, पदाधिकारी या नात्याने, गंभीर राहिले.

लग्न वेळेवर लागलं. आम्रपाली आणि तिच्या नवऱ्याला सत्यशीलाबाईंनी प्रतिज्ञा इतक्या खणखणीत दिली की मागच्या रांगेतल्या काही लोकांनीही ती मनाशी घेतली. तात्याराव पहिल्या रांगेत बसले होते. येताना घाट पुन्हा चढायचा होता. काटा झोपून राहिला.

बोर्ड परत लावायचा नाही, असं तात्यारावांनी सभेत सांगितलं तेव्हा प्रमुख मार्गदर्शकांनी सभात्याग केला, आणि त्यांना मार्ग दाखवायला मार्गदर्शकही गेले. सल्लागारही त्यांच्यामागून गेले. राहिले तात्याराव, माधवराव, बापूराव, आणि जीप. उन्हाळाभर सत्यशीलाबाईंसह ती चौघं जेजुरी, भोर, मुळशी, जिथे रस्ता जाईल तिथे गेली. सत्यशीलाबाईंनी साहेबांच्या सीटला उशी शिवली.

सांडव्याची आता गरज नव्हती, म्हणून बाईंनी आपली ताटं परत मागितली. अर्धी तर अर्धी, नाव तरी घरात राहील. तात्यारावांनी रिव्हेट काढून पाचही तुकडे त्यांच्या हाती दिले. बॉनेटवरची भोकं उघडी पडली, ती झाकायला त्यांनी बोर्ड वर आडवा बांधला. बोर्डला सहा पदांच्या सहा जोडण्या होत्या, आणि त्या सगळ्या गळत होत्या.

जुलैत पाणी इंजिनात गेलं आणि जीप बंद पडली. दुरुस्त झाली नाही. भंगारवाला तात्यारावांनीच बोलावला. आता तात्याराव आणि सत्यशीलाबाई वेल्ह्याला एसटीने जातात. बहुतेक वेळा मागचीच जागा मिळते.